मॅनेजरची मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. बांबूच्या कामट्या आणि कागद यांचा तो अवाढव्य पुतळा इतवारीतून मिरवत नेतात, आणि ईडा-पीडा, रोगराई, खोकला सगळं तूच घेऊन जा, असं गाव एका सुरात तिला बजावतं. मग तिला जाळतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी गावाचा ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे: कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. हा सण जगाच्या पाठीवर फक्त नागपुरात होतो, असं आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. पाहुणा फुटबॉल पाहणारा असेल तर सांगू नये. कारण इंग्लंडात हा सण दर वर्षी होतो, ऑक्टोबर ते एप्रिल केव्हाही होतो, आणि तिथे बडग्या म्हणून फुटबॉल क्लबाचा मॅनेजर वापरतात. फरक इतकाच की आपली मारबत जळून जाते; त्यांच्या मारबतीला उरलेल्या कराराचे पैसे मिळतात आणि सहा महिन्यांनी ती दुसऱ्या गावात मिरवताना दिसते.

नागपूरकर या परदेशी उत्सवात घरबसल्या सामील असतो. यशवंत स्टेडियम, कामठीची मैदानं आणि विजय बारसे यांचं स्लम सॉकर असलेल्या शहराला फुटबॉल परका नाही. पण हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री साडेआठला, सात हजारांहून अधिक किलोमीटर लांबच्या क्लबाची जर्सी स्वेटरवरून चढवून जो बसतो, त्याची निष्ठा अभ्यासण्यासारखी असते. क्लब चांगला चालला असेल तर तो नुसता आनंदी असतो. क्लब गुणतक्त्याच्या तळाशी गेला की त्याच्यात विचारवंत जागा होतो. मग दोन पक्ष पडतात. काढा-पक्ष म्हणतो, ‘काढून टाका ना बाप्पा त्याले, ठेवून का लोणचं घालता?’ ठेवा-पक्ष म्हणतो, ‘राहू द्या ना भाऊ, नवा येऊन कोणते दिवे लावणार हाये?’ ऐन डिसेंबरात, सिव्हिल लाइन्सला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना, शहरात इतरत्र त्याहून गंभीर अविश्वास ठराव मांडले जातात आणि त्यांवर मतदानही होतं. त्या मतदानाचा क्लबावर शून्य परिणाम होतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना माहीत असते. म्हणूनच चर्चेची पातळी इतकी उच्च राहते.

ज्यांना या खेळाची बाधा नाही त्यांच्यासाठी दोन खुलासे. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं आणि किटबॅगा सांभाळणारा सज्जन. इंग्लंडात मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि हरल्यावर पावसात एकटा उभा असलेला माणूस. दुसरा खुलासा रेलिगेशनचा. प्रीमियर लीगच्या वीस क्लबांतले शेवटचे तीन पुढच्या वर्षी खालच्या वर्गात बसतात. आपल्याला हे क्रूर वाटतं, कारण आपण आठवीपर्यंत कुणालाही नापास न करण्याच्या धोरणात वाढलेले लोक आहोत. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनं तेच धोरण उचललं: कितीही हरा, वर्ग तोच. त्याआधीपासूनच्या आय-लीगमध्ये मात्र नापास करत. अर्थात तिथेही मॅनेजमेंट कोटा होता. २०१५-१६ च्या हंगामात पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा संघ नवव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आला. पण तो थेट प्रवेश घेऊन आलेला असल्यानं त्याला संरक्षण होतं, आणि त्याच्याऐवजी आठवा आलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी नापास झाला. गल्लोगल्ली इंजिनिअरिंग कॉलेजं पाहिलेल्या नागपूरकराला हा नियम दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही.

आता मूळ वाद. माझं म्हणणं असं की भर हंगामात मॅनेजर काढणं हा बहुतेक वेळा उत्सव असतो आणि तो औषध म्हणून विकला जातो. उत्सवाला हरकत नाही. हरकत आहे ती औषधाच्या पावतीला. काढणाऱ्याच्या खिशात येणाऱ्याचं नाव असेल, आणि त्यानं काय वेगळं करायचं हे त्या नावाखाली चार ओळींत लिहिलेलं असेल, तर काढावा. खिसा रिकामा असेल तर ठेवावा आणि वाद मे महिन्यात घालावा. याचं कारण साधं आहे. संघ हरतो तेव्हा बदलण्यासारखं बरंच काही असतं: चुकीचे खेळाडू विकत घेणारा विभाग, पैसे न देणारा किंवा नको तिथे देणारा मालक, दुखापतींची यादी, तिशी ओलांडलेले बचावपटू. पण खेळाडू खरेदीची खिडकी बंद असते, मालकाला काढता येत नाही कारण काढणारा तोच असतो, आणि प्रेक्षकांची बदली गडचिरोलीला करता येत नाही. हलवता येण्यासारखा एकच माणूस उरतो. छप्पर गळतंय, कौलं बदलायला पैसे नाहीत, म्हणून घरातल्यांनी छत्री बदलली, तर छत्रीचा दोष सिद्ध होत नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा इंग्लंडात नाही, महाराष्ट्रात आहे. मुंबई एफसी नावाचा क्लब २००७ साली निघाला आणि कुपरेज मैदानावर खेळू लागला. २००९ मध्ये क्लबाचेच खेळाडू असलेले खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. ते सात हंगाम राहिले. या सात वर्षांत मुंबई एफसी विजेतेपदाच्या आसपास कधी फिरकला नाही आणि खालच्या वर्गातही कधी गेला नाही. खेळ बचावात्मक: आधी गोल होऊ द्यायचा नाही, मग जमलं तर करायचा, नाही जमलं तर एक गुण घेऊन घरी जायचं. पाहणाऱ्याला झोप यावी असा हा कारभार होता, पण डोक्यावर छप्पर होतं. २०१६ मध्ये जमील यांचा आणि क्लबाचा संबंध संपला. तिकडे ऐझॉलची कथा निराळ्या वळणावर होती. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली, आणि नापास झालेल्या ऐझॉलला पुन्हा वरच्या वर्गात बसवण्यात आलं. त्यांनी जमील यांना बोलावलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागान एका गुणानं मागे राहिला. त्याच हंगामात मुंबई एफसीनं संतोष कश्यप यांच्या हाती संघ दिला, मार्चमध्ये त्यांना काढून ऑस्कर ब्रुझोन यांना आणलं, आणि शेवटचा क्रमांक मिळवून संघ खाली गेला. म्हणजे नावडत्या सुनेला माहेरी धाडलं आणि ती शेजारच्या गावची सरपंच झाली.

यावर ठेवा-पक्ष मांडीवर थाप मारून उठेल. त्यानं जरा बसावं. जमील ऐझॉलहून ईस्ट बंगालला गेले आणि तिथे एका हंगामातच बाहेर पडले. माणूस तोच, शिट्टी तीच, बचाव तोच. एका गावात सात वर्षांची सुरक्षित झोप, दुसऱ्या गावात वर्षात विजेतेपद, तिसऱ्या गावात वर्षात निरोप. यातून जमील थोर की सामान्य हे ठरत नाही. ठरतं ते एवढंच की मॅनेजर ही फोडणी आहे. फोडणीनं वरणाला चव येते, पण डाळच शिजली नसेल तर आचारी बदलून आणि तेल जास्त तापवून ती शिजत नाही.

इंग्लंडच्या अलीकडच्या दोन हंगामांनी तर हा प्रयोग जणू शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीच मांडून दाखवला. २०२३-२४ मध्ये वर आलेले तीन संघ: बर्नलीनं कोंपनी यांना ठेवलं, लुटननं एडवर्ड्स यांना ठेवलं, शेफील्ड युनायटेडनं डिसेंबरात हेकिंगबॉटम यांना काढून जुने वाइल्डर परत आणले. तिघेही खाली गेले. २०२४-२५ मध्ये इप्सविचनं मॅकेना यांना ठेवलं, साउदॅम्प्टननं डिसेंबरात मार्टिन यांना काढलं, आणि लेस्टरनं नोव्हेंबरात कूपर यांना काढलं, तेही संघ तळाच्या तिघांत नसताना. तिघेही खाली गेले. साउदॅम्प्टन तर सात सामने बाकी असतानाच गेला आणि अख्ख्या हंगामात त्याचे १२ गुण झाले. काढा, ठेवा, जुना आणा, नवा आणा, गाडी अजनीलाच थांबायची असेल तर ड्रायव्हर बदलून ती गोंदियाला जात नाही. आणि ज्या कोंपनींच्या हाताखाली बर्नली खाली गेला, त्यांना त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकनं नेलं आणि पुढच्या वर्षी ते जर्मनीचे विजेते झाले.

‘पण नवा आला की चार-सहा सामने संघ जिंकतोच की!’ हा काढा-पक्षाचा हुकमी एक्का. जिंकतो, हे खरं आहे. पण याच एक्क्याची तपासणी नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी केली. १९८६ ते २००४ या काळातला डच लीगचा हिशेब त्यांनी मांडला. मॅनेजर काढलेल्या संघांची कामगिरी सुधारली होतीच. पण तितकेच वाईट हरत असूनही ज्यांनी मॅनेजर काढला नव्हता, असे संघही तसेच सुधारले होते. याला विदर्भात वेगळं प्रमाण लागू नये. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो, जूनचा पहिला आठवडा कोरडा जातो, जीव नकोसा होतो, तेव्हा गावोगावी बेडकाची धोंडी काढतात. मग आठ-दहा दिवसांत पाऊस येतो. धोंडी डिसेंबरात कुणी काढत नाही, त्यामुळे बेडकाचं रेकॉर्ड उत्तम राहतं. मॅनेजरही संघ सर्वांत वाईट हरत असतानाच काढतात, आणि सर्वांत वाईटानंतर जे येतं ते बहुधा जरा बरंच असतं. नव्या मॅनेजरच्या पहिल्या चार विजयांत मृग नक्षत्राचा वाटा किती आणि बेडकाचा किती, हे मोजल्याशिवाय बेडकाला तीन वर्षांचा करार देऊ नये.

आता खरे आक्षेप, कारण काढा-पक्षाकडे नुसता गोंगाट नाही, दाखलेही आहेत. पहिला लेस्टरचा. २०१६ साली क्लॉडिओ रानिएरी यांनी पाच हजारास एक असा भाव असलेला संघ इंग्लंडचा विजेता केला, आणि नऊ महिन्यांनी, संघ तळाच्या तिघांच्या एकच गुण वर असताना, त्यांना काढलं. जगभर हळहळ झाली. पण त्यांचे सहायक क्रेग शेक्सपियर यांनी लीगचे पहिले पाचही सामने जिंकले आणि संघ बारावा आला. हा दाखला मी मान्य करतो, फक्त त्याचं पुढचं पान वाचतो: त्याच शेक्सपियर यांना उन्हाळ्यात कायम केलं आणि ऑक्टोबरात काढलं. बेडकाला करार दिला होता. दुसरा दाखला ॲस्टन व्हिलाचा आणि तो जड आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टीव्हन जेरार्ड यांना काढलं तेव्हा संघ सतरावा होता. उनाय एमरी आले आणि संघ सातवा आला. हा पाऊस बेडकाचा होता, मी नाकारत नाही. पण व्हिलानं काय केलं ते पाहा. स्पेनमध्ये दुसऱ्या क्लबाच्या नोकरीत असलेला नेमका माणूस हेरला, त्याला सोडवण्याचे पैसे भरले आणि चार दिवसांत नाव जाहीर केलं. त्यांच्या खिशात चिठ्ठी होती. माझ्या नियमाचा हा अपवाद नसून माझ्या नियमाचं हे पहिलं कलम आहे.

ठेवा-पक्षालाही सोडून चालणार नाही, कारण त्यांच्याकडे एकच देव आहे आणि ते त्याला प्रत्येक वादात पालखीतून आणतात. सर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, १९८९-९० मध्ये संघ तेरावा आला, लोकांनी ‘जा’ म्हटलं, क्लबानं ‘राहा’ म्हटलं, आणि २०१३ पर्यंत तेरा विजेतेपदं आली. म्हणून संयम ठेवा. हा युक्तिवाद म्हणजे, अमुक माणूस दहावी नापास होऊन उद्योगपती झाला, तेव्हा मुलाला नापास होऊ द्या, असं म्हणण्यापैकी आहे. संयम ठेवून बुडालेल्या क्लबांची चरित्रं कुणी लिहीत नाही. लुटनच्या संयमावर पुस्तक निघालेलं ऐकिवात नाही. संयमाचा खरा दाखला हवा असेल तर फर्ग्युसनपेक्षा नॉर्विचचे डॅनिएल फार्के घ्यावेत. २०१९-२० मध्ये त्यांचा संघ २१ गुणांसह शेवटचा आला. क्लबानं त्यांना ठेवलं, आणि पुढच्या वर्षी ९७ गुण घेऊन खालचा वर्ग जिंकून तो परत आला. इथवर कथा ठेवा-पक्षाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ पुन्हा तळाशी होता. फार्केंनी हंगामातला पहिला विजय मिळवला आणि त्याच दिवशी काही तासांत क्लबानं त्यांना काढलं. हरल्यावर काढतात हे आपल्याला माहीत होतं. जिंकला म्हणून काढला, हे कलम बहुधा सेवानियमावलीच्या शेवटच्या पानावर असावं. नवा मॅनेजर आला आणि संघ शेवटचाच आला. फार्केंनी पुढे लीड्स युनायटेडला १०० गुणांसह वर आणलं. ठेवणं-काढणं यांपैकी एक काहीतरी नेहमीच बरोबर असतं, या समजुतीची यापेक्षा चांगली फजिती शोधून सापडणार नाही.

तिसरा आक्षेप अस्सल नागपुरी आहे, त्यामुळे तो जपून हाताळतो. ‘अन् आपला विदर्भ? चंद्रकांत पंडित आले अन् पहिल्याच वर्षी रणजी आली ना!’ आली. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, रजनीश गुरबानीनं त्या सामन्यात हॅटट्रिक घेतली, आणि पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. पंडित कडक मास्तर, यात वाद नाही. २०२२ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशालाही रणजी जिंकून दिली. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पंडितांना भर हंगामात, आधीच्याला जाळून, आणलं नव्हतं. ते हंगामाच्या आधी आले, आणि त्यांना वर्षानुवर्षं अकादमीतून तयार होत आलेली पोरं, फैज फजलसारखा कर्णधार आणि वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज मिळाला. डाळ शिजलेली होती, फोडणी झणझणीत पडली. आणि पंडित गेल्यावरही, २०२४-२५ मध्ये, उस्मान गनी या घरच्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर पुन्हा रणजी जिंकली. मास्तर गेले तरी शाळा चालू राहिली, याचा अर्थ शाळा होती.

शेवटचा आक्षेप तर्काचा नाही, काळजाचा आहे. प्रेक्षक म्हणतो, मला आकडे नको, मला काहीतरी घडलेलं हवं आहे. रोज हरणाऱ्या संघाकडे नुसतं बघत बसणं माणसाच्यानं होत नाही. एखादी गोष्ट जाळली की बरं वाटतं. हे मला पटतं, कारण मारबतीचा सारा अर्थ तोच आहे. पण आपल्या पूर्वजांचं शहाणपण पाहा. त्यांनी जाळायला कागद आणि बांबू घेतला, माणूस घेतला नाही. दुसरं, त्यांनी तारीख ठरवली: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, वर्षातून एकदा. कुणाला खोकला झाला म्हणून मार्गशीर्षात जादा मारबत काढत नाहीत. उलट इंग्लंडात नॉटिंगहॅम फॉरेस्टनं सप्टेंबर २०२५ मध्ये आंगे पोस्टेकोग्लू यांना आणलं आणि ३९ दिवसांनी, शेवटची शिट्टी वाजून वीस मिनिटं व्हायच्या आत, काढलं. चातुर्मासाचा निम्मा काळही त्यांच्या वाट्याला आला नाही. तेच पोस्टेकोग्लू मे महिन्यात टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून देऊन, आणि त्याच हंगामात लीगमध्ये सतराव्या क्रमांकावर आणून, जूनमध्ये तिथूनही गेले होते. त्या निरोपाच्या सोळा दिवस आधी करंडक, पाच महिन्यांत दोन मारबती. इतवारीतही एवढी गर्दी होत नाही.

तिसरं शहाणपण सर्वांत मोठं. मारबत जाळून घरी आल्यावर नागपूरकर डासांसाठी औषध फवारायला महापालिकेला सांगतोच. पुतळा रोग घेऊन गेला, आता नाल्या उघड्या राहिल्या तरी चालतील, असा ठराव १८८१ पासून आजवर कुणी मांडलेला नाही. फुटबॉलमध्ये नेमकं हेच होतं. मॅनेजर गेला की खेळाडू खरेदी करणारा विभाग निर्दोष सुटतो, मालक पत्रकार परिषदेत नव्या पर्वाची घोषणा करतो, आणि तीच नाली नव्या मॅनेजरच्या दारापुढून वाहू लागते.

खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या आधी साधारण वर्षभरात दोन प्रशिक्षक गेले होते. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरल्यावर आशिया चषकाचं दार बंद झालं, नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशानं हरवलं, आणि कुपरेजवर एके काळी जे दोन पक्ष पडत असतील ते आता देशभर पडले. पडू देत. मात्र या वादात एका गटाला बोलता येत नाही. मुंबई एफसी खाली गेला तो परत वर आलाच नाही. क्लबच बंद पडला, आणि मॅनेजमेंट कोट्यातला पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही टिकला नाही. कुपरेजच्या त्या प्रेक्षकांना आज कुणाला काढायचं नाही आणि कुणाला ठेवायचं नाही. सात वर्षं ज्या खेळाला ते जांभया देत होते, तो खेळ परत मिळणार असेल तर यातला कोणताही माणूस पालखीतून ‘ठेवा’ म्हणत निघेल.